ओला कापूस

विद्यापीठाच्या आमच्या लॅबमध्ये आमी फळमाश्यांना बिनपाण्याचं ठेवायचो. ज्या शेवटपर्यंत टिकतील त्यांचीच अंडी घ्यायची, अन् पिल्लांना पुन्हा तहानेला लावायचं. चाळीस पिढ्या हेच चाललं हुतं. एक दिवस बघतो तर लॅबचे शिपाई गहिनीनाथमामांनी तहानेत अजून टिकून असलेल्या माश्यांच्या बाटलीत ओला कापूस ठेवलेला.

“मामा, माश्यांना टँकर लावला का काय?” मी दात काढले. “सगळा प्रयोग बुडाला, सर तुमची नोकरी खातील!”

मामा बाटलीकडंच बघत हुते.

“माझी थोरली गेल्या उन्हाळ्यात पान्यासाठी हिरीत उतरली, ती वर आलीच न्हाई. धाकटी नाजूक, म्हनून तिला धरणाकाठी दिली. थोरलीला शिरूरकडच्या कोरड्या गावात मीच दिली. म्हनलं, ही सोसंल.”