जायफळाचे दहा वेढे

“बाळगुटीत जायफळाचे दहा वेढे? अगं, बाळाला गुंगी येईल. पोस्ट काढ,” असं वैद्य असलेल्या शर्वरीने लिहिलं. मी तिची कमेंटच काढून टाकली.

आपल्या आयांच्या ग्रुपवर जी ती तिलाच विचारते, म्हणून गुटीवर मी ठणकावून लिहिलं होतं. खरं तर आमच्याकडे सासूबाईच उगाळतात. मी सहाणेला हातही लावलेला नाही. पोस्टवर लाल बदाम येत राहिले, तेव्हा वाटलं, जळू दे आता तिला!

सकाळी तळेगावच्या मृणालने लिहिलं, “ताई, तुमचे दहा वेढे दिले. बाळ इतकं गाढ कधीच झोपलं नव्हतं!” दुपार झाली, ती फोन उचलत नाही. तळेगावात कुणी आहे का? तिच्या घरी जा, बाळाला उठवून बघा.