पंप आणि नळी

एका देशानं दुसऱ्याला लढाऊ जहाज वापरायला दिलं, तर त्याचा शेजारी देश रुसून बसला, असं अकोल्याच्या बसमध्ये कोणीतरी पेपरातून वाचून दाखवलं. मला माझी बायको मनकर्णा आठवली.

आमच्या वावराला लागून बशीर आणि उत्तमराव यांची वावरं. धुऱ्यावरून, म्हणजे मधल्या बांधावरून, दोघांत नऊ वर्षं अबोला. फवारणीचा पंप फक्त आमच्याकडं. एकाला दिला की दुसरा आमचा रामराम घेत नसे. शेवटी मनकर्णानं पंप बशीरला दिला आणि त्याची नळी उत्तमरावला. म्हणाली, "आता न बोलता फवारून दाखवा म्हना."

ती वारल्यावर दोन महिन्यांनी मी वावराकडं गेलो. दोघं धुऱ्यावर बसून एका डब्यात जेवत होते, हसत होते.

"या भाऊ, बसा," बशीर म्हणाला. "भाभीच्याच गोष्टी करून राहिलो. उत्तमरावले त्यायनं तोंडावर गाढव म्हटलं होतं."

ही गोष्ट मनकर्णानं मला कधी सांगितली नव्हती. मी पंप उचलला, उत्तमरावाजवळची नळी घेतली आणि म्हणालो, "मले फवारायचं हाय."



यंदा मी पेरलंच नव्हतं.