घासलेली टेप

"मोर्सची परीक्षा काढून टाकली, तर उद्या कुणीही उठेल आणि रेडिओवर बडबडायला लागेल," अध्यक्ष म्हणाले आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबाची बैठक भरली होती. परवान्यासाठी मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या लिपीची, परीक्षा ठेवायची की नको, असं सरकारनं विचारलं होतं. ही परीक्षा क्लबच घ्यायचा: कपाटातल्या एकुलत्या एका टेपवरचा संदेश ऐकून लिहून काढायचा. 'नको' म्हणणारं इथं कुणी नव्हतंच. ज्याच्या त्याच्या खिशात परवाना होता. खजिनदार, दातांचे डॉक्टर, डॉक्टरांचा नुकताच पास झालेला पुतण्या, सगळे माना डोलवत होते. माना डोलवायची स्पर्धा असती, तर हा क्लब कुणाकडून हरला नसता.

शेवटच्या खुर्चीत टिकटिक बसली होती. नाव क्लबानंच ठेवलेलं. ही पोरगी शाळेच्या बसमध्येसुद्धा दप्तरावर बोटांनी मोर्स वाजवायची. तरी दोनदा नापास. तिनं स्वतः जुळवलेला रेडिओ घरी चादरीखाली झाकून पडला होता. परवाना नाही, तर त्यावरून एक शब्द पाठवायची सोय नाही. बैठक संपली की तिची तिसरी परीक्षा होती आणि चौथी संधी क्लब कुणालाच देत नसे.

"टेप घासलीये, काका," मागच्या खेपेला ती म्हणाली होती. "मधले शब्द ऐकूच येत नाहीत. जेवढं ऐकू आलं, तेवढं लिहिलं."

"पुतण्याला बरं ऐकू आलं," अध्यक्ष म्हणाले होते. "कान तयार लागतात, बाळ. आमच्यासारखे."

आज ती उभी राहिली. "परीक्षा ठेवाच, काका. फक्त आज माझ्याबरोबर सगळ्यांनी लिहा. तयार कान कसे असतात, ते मला बघू दे."

हशा पिकला. "लिहू की," अध्यक्ष म्हणाले. "पोरीची हौस फिटू दे. लाव टेप."

टेप लावायचं काम नेहमी तिच्याकडेच. त्यासाठी खुर्चीतून उठून कपाटापर्यंत जावं लागे आणि तेवढे कष्ट इथल्या कुणाला झेपत नसत.

टेप सुरू झाली. डिट, डा, डिट. खजिनदारांनी गवयासारखे डोळे मिटले. डॉक्टर मधूनमधून 'वा' म्हणाले. पुतण्यानं तर टेप संपायच्या आधीच पेन खाली ठेवलं.

अध्यक्षांनी कागद गोळा केले. प्रत्येकावर तेच, सुवाच्य, बिनचूक: 'जहाज बंदराला लागले. सगळे सुखरूप. दोर टाका.' स्वतःचा कागद त्यांनी सर्वांत वर ठेवला.

मग तिचा कागद उचलला. चष्मा वर केला, खाली केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "'इथं कुणी ऐकतंय का?'"

सगळे पोट धरून हसले. पुतण्या सगळ्यांत जास्त.

"अगं, जहाज कुठाय यात? बंदर कुठाय?" अध्यक्षांनी डोळे पुसले. "नापास. आणि आता पुन्हा टेपला बोल लावू नकोस."

"नाही लावत, काका." टिकटिकनं मशीनमधून कॅसेट काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. "ही नवीकोरी आहे. कालच मी घरी भरली. तुमची जहाजवाली कपाटातच आहे."