बेटावरचे आठ दिवस

"बाबा, तुम्ही विमानतळावर तोफेवर होतात ना? मग सांगा, ह्या तोफा कुठे लावू?"

लढाईचा विषय निघाला की म्हातारा उठून जायचा, म्हणून घरात तो कोणी काढतच नसे. आज मात्र तो चष्मा पुसत मुलीच्या शेजारी बसला. संगणकावर पॅसिफिक महासागर पसरला होता. त्यात नखाएवढं एक बेट: एक धावपट्टी, बारा विमानं, दोन हजार चारशे सैनिक. खेळातला शत्रू, म्हणजे तिच्या दवाखान्यातला भूलतज्ज्ञ, आपल्या घरी बसून आरमार हाकत निघाला होता.

"इंधन धावपट्टीला चिकटून नको," म्हातारा म्हणाला. "आणि सगळ्या तोफा एका जागी कशाला? दोन त्या टेकडीवर ने. विमानं उन्हाकडून येतात. पाणी तीन ठिकाणी साठव."

"पाण्याचं ह्या खेळात नसतं, बाबा."

"नसतं?" म्हातारा म्हणाला. "बरं. मग खंदक खणायला लाव."

बापलेकीची अशी गट्टी घरात कोणी पाहिली नव्हती. आई दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही वेळा तो गार झाला.

सगळं मनासारखं लागल्यावर मुलीने बाराही विमानं मागच्या बेटावर पाठवून दिली.

"अगं, ही कुठे निघाली?"

"मागे. हे बेट जाणारच आहे. पण तुमच्या मांडणीने तो इथे अडकून पडेल, तोवर माझं आरमार तयार होईल."

"आणि माणसं?"

"ती राहतात. तेवढी जहाजं कुठायत?"

"त्यांना सांगितलंस?"

मुलगी खळखळून हसली. "बाबा, आकडे आहेत ते!"

तिने चाल संपवली, म्हणजे खेळातला एक दिवस. मग पुढची, मग त्याच्या पुढची. दोन हजार चारशेचे अठराशे झाले, नऊशे झाले, दोनशे दहा झाले. म्हातारा उठला नाही. कोपऱ्यातल्या त्या आकड्यावरून त्याने नजरही हलवली नाही.

बेट पडलं तशी मुलीने टाळी वाजवली. "आठ दिवस! बाबा, फक्त तुमच्यामुळे आठ दिवस मिळाले!"

"पदकाबरोबर पत्र आलं होतं, त्यातही हेच लिहिलं होतं," म्हातारा म्हणाला. "आमचे अकरा दिवस होते. पत्र वाचायला आम्ही चौघं उरलो होतो."