मुंगवड्यांची डाळ

अर्ध्या तासात तुषारची नागपूरच्या कंपनीत ऑनलाइन मुलाखत होती आणि कॉम्प्युटर अचानक बंद पडून आपोआप परत सुरू होत होता. सौंसरहून आलेल्या प्रवीण मेकॅनिकने पॉवर सप्लाय बदलला, तरी तेच. तेवढ्यात स्वयंपाकघरात मिक्सर घरघरला आणि स्क्रीन पुन्हा काळी झाली. प्रवीण आत गेला.

"वहिनी, तुमचा मिक्सर चालू झाला का व्होल्टेज पडून राहिलं. दादाची मुलाखत होऊ द्या, मंग वाटा."

तुषारची बायको वृषाली भांड्यात आणखी डाळ टाकत होती.

"मले माहीत आहे, भाऊ. मागच्या साली माही मुलाखत चालू असताना ह्यायनं मुद्दाम मिक्सर लावला होता. म्हणून तं मुंगवड्यासाठी काल घमेलंभर डाळ भिजवली."