अंगाईचं चाक

प्रमिलाबाईंनी दोरीला किलोचं वजन अडकवून सोडलं. चाक फिरू लागलं, पण अंगाई इतकी रखडत वाजली की पाच महिन्यांची रेवा आणखीच किंचाळली. हे चाक त्यांच्या यजमानांनी लेकीसाठी, केतकीसाठी, घरीच बनवलं होतं. वजन खाली येईपर्यंत केतकी हमखास झोपायची.

"आई, हा चंद्र आहे. इथे किलोला सहाव्या हिश्शाचाच जोर," केतकी म्हणाली. सततच्या जागरणाने ती रडकुंडीला आली होती.

"मग सहा किलो लाव की!"

"आणू कुठून? इथली भांडीसुद्धा पिसासारखी हलकी."

प्रमिलाबाईंनी नातीकडे पाहिलं. "अगं, डॉक्टरीणबाई काल काय म्हणाल्या? पोर सहा किलोची झाली ना?"

त्यांनी आपल्या मऊ लुगड्याची झोळी केली, रेवाला तीत ठेवलं आणि झोळी दोरीला घट्ट बांधली. चाक थेट सांगलीच्या घरातल्या चालीत वाजू लागलं. रेवा हुंदके देत, मग नुसतीच टकमक बघत, सावकाश खाली येत राहिली.

झोळी जमिनीला टेकली तेव्हा रेवाचे डोळे मिटले होते. "बघ, झोपली!" म्हणत प्रमिलाबाई वळल्या.

केतकी भिंतीला टेकून, लहानपणीसारखंच तोंड उघडं टाकून, केव्हाच झोपली होती.