न हटणारी पट्टी
“घड्याळ उघडण्याआधी गिऱ्हाइकाचा हात बघायचा,” घड्याळं दुरुस्त करणारे बाबा शिकवायचे. मोठी झाल्यावर लेक एका ऑफिसात कॉम्प्युटरवरचा व्हिडिओ प्लेअर बनवू लागली. फुल स्क्रीन केल्यावर बटणांची पट्टी आपोआप लपायला हवी. बाबांच्या पडद्यावर ती ठाण मांडून बसे. “आमच्याकडे तर लपते,” ऑफिसातले हसले. तिने तपासणीसाठी डॉक्टरचं नाव काढलं की बाबा म्हणत, “आधी तुझी पट्टी घालव, मग जातो!” शनिवारी सकाळी ती शेजारी बसली आणि पडदा सोडून त्यांचा हात बघत राहिली. माउसवरचा हात थरथरत होता. बाण थांबेना, म्हणून पट्टीही हटत नव्हती. एवढीशी हालचाल मोजू नकोस, असं तिने प्लेअरला शिकवलं. पट्टी अलगद विरली, चित्र पडदाभर फुललं. “खरी कारागीर झालीस गं पोरी!” बाबा म्हणाले. मनगटावर घड्याळ बांधून बाबा दिलेल्या शब्दाप्रमाणे दवाखान्याकडे निघाले.